काळजी करणं आणि काळजी घेणं

(आपल्या मंडळाच्या सप्टेंबरमधल्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. बोलण्याच्या ओघातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चमधल्या आपल्या समाजाला 'मंडळी' म्हणतो. म्हणजे आज मी सकाळी मंडळीत होतो आणि दुपारी मंडळात आलो आहे. फरक एवढाच, की तिथे पाळकसाहेब बोलतात आणि मी ऐकतो. आणि तिथे नंतर बटाटेवडा मिळत नाही.

मला बोलावताना कार्यकारिणीतल्या एका ताईंनी बजावलं होतं, "भाऊ, प्रवचन नको हं. पण काळजी या विषयावर तुमच्याकडे काय सांगितलंय, ते आम्हांला सांगा. इथे घरोघरी तोच एक आजार आहे." ताईंचं निदान अगदी बरोबर आहे. या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात एक तरी काळजी आहे. कुणाच्या कंपनीत लेऑफची कुजबुज चालू आहे. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली, तर त्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. २०१७ सालापासूनचा हा नियम इथल्या तरुण मंडळींना स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ आहे. कुणाचं ग्रीनकार्ड वर्षानुवर्षं रांगेत अडकलंय आणि भारतात जन्मलेला मुलगा २१ वर्षांचा होत आलाय; म्हणजे आईबापांच्या व्हिसावर राहण्याचा त्याचा हक्क संपणार. कुणाच्या घराचे हप्ते, कुणाच्या मुलीच्या कॉलेजची फी. आणि आपल्या सर्वांची मिळून एक सामायिक काळजी आहे: रात्री अडीच वाजता वाजणारा भारतातला फोन. तो वाजला की नंबर बघायच्या आधीच छातीत धस्स होतं. पुष्कळदा पलीकडून कुणीतरी विचारतं, "अरे, तुमच्याकडे रात्र आहे का?"

तर आज मी देवावर भरवसा ठेवण्याबद्दल बोलणार आहे. मी शिकलेला धर्मोपदेशक नाही. पवित्र शास्त्र रोज वाचणारा, नोकरी करणारा, संसारी माणूस आहे. तेव्हा जे बोलणार ते स्वयंपाकघराच्या टेबलावरचं बोलणं आहे, व्यासपीठावरचं नाही.

सुरुवात आपल्या मायबोलीपासूनच करतो. मराठीत 'काळजी' या शब्दापुढे दोन क्रियापदं लागतात. 'काळजी करणं' आणि 'काळजी घेणं'. एकच नाम, पण क्रियापद बदललं की सगळा अर्थच बदलतो. आजारी आईच्या उशाशी बसून तिला वेळेवर औषध देणारी मुलगी काळजी घेते. तिच्याच शेजारच्या खुर्चीवर बसून "आता काय होणार हो" म्हणत येरझाऱ्या घालणारा मुलगा काळजी करतो. दोघांचं आईवर प्रेम सारखंच. पण एकाच्या काळजीने आईला औषध मिळतं, आणि दुसऱ्याच्या काळजीने आईलाच त्याची काळजी वाटायला लागते!

आता गंमत बघा. नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. प्रभू येशूचं डोंगरावरचं प्रवचन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. त्याच्या सहाव्या अध्यायाच्या शेवटच्या दहा वचनांत येशू काळजीविषयी बोलतो. तिथे 'मेरिम्नाओ' हे क्रियापद सहा वेळा येतं, आणि सूर एकच: काळजी करत बसू नका. पण हेच क्रियापद संत पौलाच्या पत्रांत दुसऱ्या तऱ्हेनेही येतं. फिलिप्पै इथल्या मंडळीला तो कळवतो की मी तीमथ्याला पाठवत आहे, कारण तुमची इतक्या आपलेपणाने काळजी वाहील असा दुसरा माणूस माझ्यापाशी नाही. करिंथच्या मंडळीला तो सांगतो, की शरीराचे अवयव जसे एकमेकांना जपतात तसं तुम्ही एकमेकांना जपा. तिथेही क्रियापद तेच. म्हणजे जी दुहेरी गाठ मराठीत आहे, तीच ग्रीकमध्येही आहे. आणि त्यावरून मला जे समजलं तेच आज सांगायचंय. देवावर भरवसा ठेवणं म्हणजे काळजी सोडून देणं नव्हे. काळजी 'करणं' सोडून काळजी 'घ्यायला' मोकळं होणं, म्हणजे भरवसा.

हे सांगायचं कारण असं, की आमच्या धर्माबद्दल एक गैरसमज ऐकू येतो, आणि तो आमच्या लोकांतही असतो. येशूने आकाशातली पाखरं दाखवली, पेरत नाहीत, साठवत नाहीत, तरी जगतात. रानातली फुलं दाखवली, कातत नाहीत, विणत नाहीत, तरी राजापेक्षा देखणी दिसतात. मग लोक म्हणतात, "वा! म्हणजे हातपाय हलवू नका, देव खाटल्यावर आणून देईल." पण पाखरू कधी निवांत बसलेलं पाहिलंय का? माझ्या खिडकीबाहेरच्या झाडावरची चिमणी पहाटेपासून नुसती राबत असते. काडी आण, दाणा टिप, पिल्लांच्या चोचीत घाल. ती काम करत नाही असं येशू म्हणतच नाही. पण उद्याचा दाणा आज टिपता येत नाही म्हणून तिने रात्र जागून काढली, असं काही दिसत नाही.

आणि हे बोलणं कुणापुढे चाललं होतं? गालीलातले कोळी, शेतकरी, रोजंदारीवरचे मजूर. एका दिवसाची मजुरी एक दिनार. आज काम मिळालं तर आज चूल पेटणार. अशा माणसांना येशू सांगतो, की उद्याची चिंता आज वाहू नका. भरल्या पोटाने उपाशी माणसाला दिलेला हा सल्ला नव्हता. सांगणाऱ्यालाही डोकं टेकायला स्वतःचं घर नव्हतं.

चिमणीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात एका पैशाला दोन चिमण्या असा बाजारभाव दिला आहे. लूकाच्या शुभवर्तमानात दोन पैशांना पाच. हिशोबात पक्क्या असलेल्या आपल्या लोकांच्या लगेच लक्षात येईल, दोन पैशांना चार व्हायला हव्या. पाचवी फुकट! आपल्या भाजीवाल्याकडच्या कोथिंबिरीच्या काडीसारखी, वरून टाकलेली. आणि येशू म्हणतो, त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. म्हणजे ज्या पाचव्या चिमणीला बाजारात किंमतच नाही, तिचीसुद्धा वर नोंद आहे. परदेशात येऊन ज्याला कधी ना कधी आपण असून नसून सारखे आहोत, एखाद्या यादीतला एक नंबर आहोत, असं वाटलं असेल, त्याला या पाचव्या चिमणीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग कुणी विचारेल, "पुढची तजवीज करायचीच नाही का? ४०१ (के) मध्ये पैसे टाकायचे नाहीत?" लूकाने काळजीवरचं हे बोलणं एका दाखल्यानंतर लगेच दिलं आहे. एका श्रीमंत शेतकऱ्याचं पीक इतकं आलं की कोठारं पुरेनात. तो म्हणाला, जुनी पाडतो, मोठी बांधतो, आणि मग माझ्या जिवाला सांगतो, आता खा, पी, मजा कर. त्याच रात्री तो गेला. यावरून साठवणंच वाईट, असं कुणाला वाटेल. पण त्याच पवित्र शास्त्रात योसेफाची गोष्ट आहे. मिसर देशात सात वर्षं सुकाळ आणि मग सात वर्षं दुष्काळ येणार हे ओळखून त्याने सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा साठवायला सांगितला, आणि त्याच धान्यावर पुढे मिसरच नव्हे, आसपासचे देशही जगले. कोठारं दोघांचीही होती. एकाच्या कोठारात फक्त 'मी' आणि 'माझं' भरलेलं होतं. दुसऱ्याच्या कोठारात दुसऱ्यांची भाकर होती. योसेफाने काळजी घेतली. शेतकऱ्याने कोठारालाच देव केलं. तेव्हा ४०१ (के) जरूर ठेवा. फक्त रात्री झोपताना त्याला नमस्कार करू नका.

आता एक दिवस आणि एक भाकर यांचा हिशोब. इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटून रानात आले, तेव्हा त्यांना रोज सकाळी जमिनीवर 'मान्ना' नावाचं अन्न मिळे, अशी निर्गमच्या पुस्तकात हकीकत आहे. नियम असा की ज्याने त्याने माणशी एक माप, आजच्यापुरतं गोळा करायचं. काही हुशार लोकांनी उद्यासाठी थोडं लपवून ठेवलं. सकाळी बघतात तर त्यात किडे! फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती, आणि तेवढं मात्र नासत नसे. असं ४० वर्षं चाललं. मला यात मोठं शहाणपण दिसतं. गुलामीतून बाहेर पडलेल्या माणसाला देवाने पहिला धडा दिला तो एका दिवसाचा. येशूनेही शिष्यांना प्रार्थना शिकवली त्यात भाकर मागितली ती रोजची. वर्षाची बेगमी मागायला शिकवलं नाही. आजचं बळ आजच्या कामापुरतं मिळतं. आपण त्या बळावर आजचं काम, उद्याची मुलाखत, पुढच्या वर्षीचं व्हिसाचं नूतनीकरण आणि वीस वर्षांनंतरचं म्हातारपण, असं सगळं एकदम उचलायला जातो आणि मग कंबर धरते.

हे सगळं पुस्तकातलं झालं. आपल्याच मातीत हे कुणी जगून दाखवलंय का? दाखवलंय. पंडिता रमाबाईंनी.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. त्यांच्या वाट्याला आलं ते बघा. तरुणपणीच दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. १८८० साली बरोबर पायी देश हिंडलेला भाऊ गेला. १८८२ साली पती कॉलऱ्याने गेले. तेव्हा मांडीवरची मनोरमा अजून दोन वर्षांचीही नव्हती. काळजी करायला यापेक्षा जास्त कारणं कुणाला मिळणार? १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे त्या अमेरिकेत आल्या. तिथे त्यांच्या नावाने निघालेल्या असोसिएशनने विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसे पाठवायचं वचन दिलं आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं; ते पुढच्या वर्षी पुण्यात आलं.

पण मला सांगायचंय ते १८९७च्या सुमाराचं. मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. दुष्काळ म्हणजे काय हे रमाबाईंना कुणी समजावून सांगायला नको होतं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व बायका घेऊन आल्या. या मुलींसाठी कुणी पैशाचं वचन दिलेलं नव्हतं. पुण्यात प्लेग सुरू होता, शहरात ठेवायची सोय नव्हती. केडगावला, दौंडच्या अलीकडे, त्यांनी थोडी माळरानाची जमीन घेऊन ठेवली होती. तिथे या मुलींना नेलं. तेच पुढे मुक्ती सदन झालं. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि रोजच्या पंगतीला दीड-दोन हजार माणसं बसू लागली.

रमाबाईंनी तिथे काय केलं? दोन गोष्टी केल्या. रोज प्रार्थना केली, आणि विहिरी खणल्या. हे दोन्ही एका दमात सांगायला हवं. केवळ प्रार्थना केली म्हणणारे त्यांना भाबडं ठरवतात, आणि केवळ विहिरी खणल्या म्हणणारे त्यांच्यातला भक्तीचा झरा विसरतात. त्यांनी शेती लावली, गाईगुरं पाळली, मुलींना विणकाम शिकवलं, तेलाचा घाणा चालवला, छापखाना काढला. पैसे कुठून येणार हे पुष्कळदा ठाऊक नसे. ते ठाऊक नाही म्हणून दुष्काळातल्या मुलीला दारातून परत पाठवायची, हे त्यांना मंजूर नव्हतं. उद्याची काळजी त्यांनी देवावर सोपवली आणि आज दारात आलेल्या मुलीची काळजी घेतली.

आणि त्यांचं पुढचं आयुष्य सुखाचं झालं, असं सांगून मी तुम्हांला फसवणार नाही. ज्या मनोरमेला त्यांनी आपल्यामागे काम सांभाळायला तयार केलं होतं, ती १९२१च्या जुलैमध्ये गेली. रमाबाई १९२२च्या एप्रिलमध्ये गेल्या. मधल्या महिन्यांत, एकुलती एक लेक गेलेली असताना, त्या हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः केलेल्या मराठी बायबलच्या कामात होत्या. ते पूर्ण छापून निघालं १९२४ साली, त्यांच्या माघारी. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे.

इथेच तो प्रश्न येतो, जो तुमच्या मनात बराच वेळ घोळत असणार. देव काळजी घेतो म्हणता, मग मनोरमा का गेली? आणि मनोरमा तर इतिहासातली. आपल्या घरातलं माणूस का जातं?

मी हा प्रश्न टाळणार नाही, कारण तो माझ्या घरी येऊन बसलेला आहे. २०२१च्या एप्रिलमध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत माझे वडील आजारी पडले. ते नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, राहत होते. मी इथे एच-वन-बीवर. बायको आणि दोन मुलं माझ्याच व्हिसावर. ४ मेपासून भारतातून येणाऱ्या आमच्यासारख्या व्हिसाधारकांना अमेरिकेने प्रवेशबंदी जाहीर केली. म्हणजे मी गेलो असतो, तर परत कधी येणार याचा नेम नव्हता. आईनेच फोनवर सांगितलं, "तू येऊ नकोस. तुझी पोरं तिकडे उघडी पडतील." बेडसाठी, इंजेक्शनसाठी मी इथून रात्र रात्र फोन करत होतो. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी त्या वेळी हेच केलं आहे, हे मला माहीत आहे.

एकदा व्हिडिओ कॉल लागला. वडिलांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बोलताना धाप लागत होती. त्यांनी मला काय विचारावं? "तिकडे किती वाजलेत? जेवलास का?" आणि मग म्हणाले, "झोप आता. आपण प्रार्थना केलीय." चार दिवसांनी ते गेले. दफनविधी आम्ही फोनच्या पडद्यावर पाहिला. चार माणसं, पांढरे पोशाख, पाळकसाहेबांचा तुटक तुटक आवाज.

वडील बरे व्हावेत म्हणून आम्ही प्रार्थना केली होती. ते बरे झाले नाहीत. मग भरवसा खोटा ठरला का? मी याचं उत्तर तर्काने देऊ शकत नाही. एवढंच सांगतो, की ज्या येशूने काळजी करू नका म्हटलं, त्यानेही गेथशेमानेच्या बागेत रात्री गुडघे टेकून तीनदा प्रार्थना केली, की हा दुःखाचा प्याला टळावा. प्याला टळला नाही. लूक सांगतो, की त्याला बळ द्यायला देवदूत आला. येशूसाठीसुद्धा वाट बदलली नाही. वाटेवर सोबत मिळाली. आणि संत पौलाने फिलिप्पैच्या लोकांना कशाचीही काळजी करू नका असं लिहिलं, ते पत्र त्याने तुरुंगातून लिहिलं आहे. भरवसा ही विमा पॉलिसी नाही, की हप्ता भरला आता नुकसानभरपाई द्या. भरवसा हे नातं आहे. धाप लागलेल्या माझ्या वडिलांना त्या नात्यामुळे स्वतःच्या श्वासाचा हिशोब बाजूला ठेवून मुलाच्या जेवणाची चौकशी करता आली. त्यांनी शेवटपर्यंत काळजी घेतली.

आणि आईची काळजी त्या दिवसांत कुणी घेतली? शेजारच्या काकू रोज दारात डबा ठेवून, बेल वाजवून, लांब उभ्या राहत. त्या पक्क्या वारकरी. ऑक्सिजनचं सिलिंडर मिळवून दिलं ते वडिलांच्या जुन्या मुसलमान विद्यार्थ्याने. मंडळीतली तरुण पोरं औषधं आणून देत. देव काळजी घेतो म्हणजे आकाशातून हात खाली येतो असं मी कधी पाहिलं नाही. मी पाहिले ते हे हात. कुणी त्याला योगायोग म्हणेल; माझी तक्रार नाही. मी त्याला देवाचं काळजी घेणं म्हणतो.

म्हणूनच एक विनंती. काळजीने पोखरलेल्या माणसाला "विश्वास ठेव, सगळं ठीक होईल" असं पटकन म्हणू नका. ईयोबाची गोष्ट तुम्हांला माहीत असेल. त्याची मुलं गेली, मालमत्ता गेली, अंगभर फोड उठले. त्याचे तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्द न बोलता बसून राहिले. त्यांनी केलेलं सर्वांत चांगलं काम ते! घोळ झाला तो त्यांनी तोंड उघडल्यावर. तेव्हा आधी डबा न्या, मुलांना शाळेतून आणा, वकिलाकडे सोबत जा. उपदेशाला घाई नाही.

दुसरं, काळजी जर इतकी वाढली असेल की झोप नाही, अन्न जात नाही, छातीत धडधड थांबत नाही, तर डॉक्टरकडे जा. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला आपण अविश्वासू म्हणत नाही, मग मनाच्या आजारावर औषध घेणाऱ्याला का म्हणावं? एलिया संदेष्टा जिवाला कंटाळून रानात झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग देवदूताने उठवून भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, मग पुन्हा झोपू दिलं. बोलणं नंतर. आणि कुणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचा विचार आलाच, तर अमेरिकेत २०२२च्या जुलैपासून ९८८ हा नंबर फोनवरून किंवा मेसेज करून चोवीस तास उपलब्ध आहे. हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा. आपल्या समाजात याबद्दल बोलायची लाज वाटते. ती सोडू या.

आता ताईंनी घड्याळ दाखवायच्या आत, आमच्या घरात आम्ही काय करतो ते सांगतो. रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं सगळे बसतो. ज्याच्या मनात जी काळजी असेल ती तो नाव घेऊन सांगतो. "ऑफिसचं टेन्शन" असं मोघम चालत नाही. "गुरुवारी मॅनेजरशी मीटिंग आहे आणि मला भीती वाटतेय" असं सांगायचं. मग दोन प्रश्न. यात उद्या माझ्या हातून होण्यासारखं काय आहे? ते वहीत लिहायचं. जे हातात नाही ते प्रार्थनेत देवापुढे ठेवायचं. धाकटीने एकदा विचारलं, "बाबा, पण आपण तर हीच काळजी कालपण देवाला दिली होती!" मी म्हटलं, "हो बाळा, रात्री आपणच ती परत घेऊन आलो. आज पुन्हा देऊ." रोजची भाकर मागायची, तशी रोजची काळजी परत करायची. एकदाच देऊन संपत नाही.

माझी आजी भाकऱ्या थापायच्या आधी पिठाची एक मूठ वेगळ्या डब्यात टाकत असे. महिनाअखेर ते पीठ गावातल्या एखाद्या गरजू घरी जाई. आजीचं घर काही सधन नव्हतं. दुष्काळाच्या वर्षीही ती मूठ चुकली नाही. त्या मुठीने कुणाचं पोट किती भरलं असेल, मला सांगता येणार नाही. पण 'आपल्याला पुरणार नाही' या भीतीला ती रोज सकाळी मूठभर उत्तर देत होती, एवढं मला आता कळतं.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या देवघरात विठोबा असेल, गणपती असेल, कुणाचा देवावर विश्वासही नसेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, की आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून. त्यामुळे आपला भार देवावर घालणं ही भाषा तुम्हांला परकी नाही, आणि मलाही ती तुमच्याकडूनच आलेली आहे. मी माझ्या प्रभूच्या नावाने बोललो, कारण मला तोच ओळखीचा आहे.

थोड्याच दिवसांत दिवाळी येईल. फराळाचे डबे इकडून तिकडे जातील. या वर्षी एक डबा अशा घरी जाऊ द्या, जिथे त्या ६० दिवसांतला एकेक दिवस मोजला जातोय. आणि भारतात फोन कराल, तेव्हा फोन ठेवताना तिकडून शेवटचे दोन शब्द येतील ते नीट ऐका. आपली आई, आपली मावशी, आपले थकलेले काका 'काळजी करा' असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, 'काळजी घ्या.'

मीही तेच म्हणतो आणि माझं बोलणं संपवतो.